तालुक्याचा सरकारी दवाखाना, खोली नंबर बारा : पाचपैकी साडेतीन तारे

मोबाइलच्या नकाशावर आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्याला तीनाच्या आत तारे आहेत. एकानं लिहिलंय, कुत्रे फार झाले. एकानं लिहिलंय, एक्स-रेवाला जेवायला गेला तो आलाच नाही. एका पोट्ट्यानं पाच तारे देऊन लिहिलंय, "गार्डन मस्त". ते गार्डन म्हणजे दोन कडुलिंब आणि एक बंद पडलेलं कारंजं. पण आम्ही ज्या कामाला गेलो होतो त्याबद्दल तिथं एकाही बाईनं अक्षर लिहिलेलं नाही. कोण लिहिणार म्हणा. म्हणून मी लिहून राहिली.

काम म्हणजे पिशवी धुणं, म्हणजे गर्भपात. आमच्याकडं असंच म्हणतात. कोणी "खाली करणं" म्हणतं, शहरात राहून आलेली बाई "क्युरेटिंग" म्हणते, आणि दुसऱ्याच्या घरातलं बोलायचं असलं की सगळ्याच "पाडलं" म्हणतात. केसपेपरवर नुसतं "एमटीपी" लिहितात.

जिल्हा यवतमाळ, एवढं सांगते. गाव, तालुका, माणसं यांची नावं नाहीत. मी शिवणकाम करते आणि आमच्या बचत गटाची सचिव आहे. काम माझं नव्हतं, लहान जावेचं होतं, आणि हे तिला विचारूनच लिहिते आहे. तिच्या दोन अटी. एक, नाव यायला नको. दुसरी, "बाई, माही सही चांगली झाली होती हे लिहा." ते पुढं येईलच.

दिवाळी झाली होती, कापसाचा पहिला वेचा सुरू होता. जावेची धाकटी पोरगी चौदा महिन्यांची, अजून अंगावर पिणारी, त्यामुळं पाळीचा हिशेब लागत नव्हता. आशाताईकडून कीट आणली, दोन रेघा आल्या. जाऊ तासभर चुलीपुढं बसून राहिली आणि मग म्हणाली, "मले नाही जमत." दीर माझा ट्रकवर असतो, नागपूर-हैदराबाद. त्याला फोन लावला. तो धाब्यावर होता, मागून गाण्याचा आवाज. म्हणाला, "तुले जसं जमते तसं कर, पैसे धाडतो." वाईट माणूस नाही. पण तो घरी यायला अजून अठरा दिवस होते.

आता जावेला दोन्ही मुलीच आहेत, हे लक्षात ठेवा. सगळा घोळ त्यावरच झाला.

पहिल्यांदा गोळ्यांसाठी मेडिकलवर गेलो. दुकानदार आमच्या ओळखीचा, माझ्याकडं त्याच्या बायकोचे ब्लाउज असतात. तो काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "वहिनी, ते आता बंद झालं. सरकारनं बंदी टाकली." बंदीबिंदी काही नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत असं आहे, आणि ठेवलं तर तपासणी होते, हिशेब द्यावा लागतो, म्हणून तो ठेवतच नाही. ते त्यानं तसं सांगितलं असतं तर मी डॉक्टरकडं गेले असते. "बंदी" म्हटल्यावर बाई डॉक्टरकडं जात नाही, दुसऱ्या दुकानात जाते. आम्हीही गेलो. बसस्टँडमागच्या दुकानात एकानं खिशातून गोळ्यांचा पत्ता काढला. खोकं नाही, तारखेच्या ठिकाणी फाटलेला, बाराशे रुपये. "रातच्याला घ्या, सकाळी मोकळ्या." किती महिने झाले, हे त्यानं विचारलंच नाही.

मी जावेचा हात धरून बाहेर काढली. गटातल्या एकीनं असाच पत्ता चार महिन्यांवर घेतला होता. रात्री तिला गाडीत टाकून जिल्ह्याला नेलं, त्या गाडीत मी होते. सीटचं कव्हर मी नंतर शिवून दिलं, तेवढं सांगते, बाकी नाही सांगत.

तिथून खासगी नर्सिंग होममध्ये. इथं मला थोडं मागं जावं लागते. २००७ साली मी याच इमारतीत, याच काउंटरपुढं उभी होते. तेव्हा डॉक्टर दुसरा होता, आता सनमायका नवीन बसवला आहे. मोठा मुलगा अकरा महिन्यांचा होता आणि मला दिवस गेले होते. काउंटरवरची म्हणाली, नवऱ्याची सही आणा. नवरा जिनिंगच्या कामाला गुजरातेत. तो दीड महिन्यानं आला, सही करायला तयारही झाला, तर म्हणाले आता तीन महिन्यांच्या वर गेलं, होत नाही. तेव्हा पोटात होता तो मुलगा आज मोठा झाला आहे, जिवाचा आहे माझ्या. आणि त्या नर्सिंग होमवरून एसटी गेली की मी अजून दुसऱ्या खिडकीकडं तोंड करते.

तर याही वेळी तोच प्रश्न. "मिस्टर कुठं आहेत?" फोनवर आहेत म्हटलं तर फोन चालत नाही, आधार कार्डाची झेरॉक्स आणि समोर सही पाहिजे. मग तिनं विचारलं, मुलं किती? दोन मुली. पेन खालीच ठेवला तिनं. "दोन मुली असल्या तर आम्ही घेतच नाही." तिच्या डोक्यावर भिंतीवर ती पाटी होती, सगळीकडं असते ती, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. तिनं बोटानं पाटी दाखवली. जाऊ सातवी शिकली आहे, तिनं पाटी वाचली आणि मला म्हणाली, "बाई, हे तं गुन्हा आहे म्हणतात."

या पाटीवर मला बोलायचंच होतं. आमच्या भागात गर्भपाताच्या कायद्याबद्दल लोकांना जे माहीत आहे ते या पाटीवरून माहीत आहे. आणि ही पाटी गर्भपाताची नाहीच. पोटात मुलगा की मुलगी हे तपासायला बंदी, त्याची ती पाटी. तो कायदा वेगळा, केंद्राचा १९९४ चा. महाराष्ट्रानं त्याच्याही आधी, १९८८ मध्येच, देशात पहिल्यांदा असा कायदा केला होता. आणि गर्भपाताला परवानगी देणारा कायदा त्याहून जुना, १९७१ चा. तो ज्या समितीच्या अहवालावरून झाला तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री होते. म्हणजे परवानगी माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. पण परवानगीची पाटी कोणी लावत नाही, बंदीची लावतात. मग मुलींचे गर्भ पाडणाऱ्या डॉक्टरचं परळीचं २०१२ चं प्रकरण गाजलं, २०२२ च्या जानेवारीत आमच्या शेजारच्या जिल्ह्यात आर्वीच्या दवाखान्यातल्या बेकायदा गर्भपाताचं प्रकरण टीव्हीवर आलं, त्यात जमिनीतून काय काय निघालं ते सगळ्यांनी जेवता जेवता पाहिलं. तेव्हापासून डॉक्टर लोक दोन मुलींची आई दारात दिसली की घाबरतात. चुकीच्या माणसाला धाक बसला, असं माझं मत आहे. ज्याला तपासून पाडायचं आहे तो गाडी करून दुसऱ्या राज्यात जाते. जिला नुसतंच जमत नाही ती एसटीनं घरी परत येते.

घरी सासूबाईंना समजलं होतं. त्यांचा राग वेगळाच. "सोनोग्राफीत पोरगी निंघाली का? नाही? मंग पोरगा असन तं?" आठ आठवड्यांत कोणालाच काही दिसत नाही हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. शेजारणीनंही हेच विचारलं, फक्त गोड आवाजात.

मी १०४ ला फोन लावला. हा आरोग्याचा सल्ल्याचा नंबर आहे, फुकट आहे. तिकडच्या बाईनं शांतपणे विचारलं, शेवटची पाळी कधी, रक्त कमी आहे का, आणि म्हणाली सरकारी दवाखान्यात जा, तिथं ही सोय असते, पैसे लागत नाहीत. तिच्या मागं पंख्याचा आवाज येत होता. मला का कोण जाणे त्या पंख्यानं फार धीर आला.

आता दवाखान्याचं.

सोमवारी गेलो. सातवीसची गाडी, पावणेनऊला खिडकीवर. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरचे पैसे लागत नाहीत, ते खरं आहे, लागले नाहीत. पण खिडकीतला पोरगा मोठ्यानं विचारतो, "काय होऊन रायलं?" मागं वीस माणसं. जाऊ गप्प. त्यानं पुन्हा विचारलं, आणखी मोठ्यानं. मी म्हटलं, बाईचं आहे. "बाईचं म्हंजे काय? डिलिव्हरी का?" शेवटी मला सांगावं लागलं, आणि आमच्याच गावचा एक म्हातारा दोन माणसं मागं बीपीच्या गोळ्यांसाठी उभा होता. याचा अर्धा तारा कापला. आठ दिवसांत हापशीवर चर्चा होती. आतल्या नोंदवहीतलं नाव बाहेर फुटलं तर कायद्यात एक वर्षापर्यंतची कैद आहे, ही दुरुस्ती २०२१ मध्ये आली. खिडकीवर फुटलं तर काय, ते कोणाला विचारायचं? (नंतर सिस्टरनं युक्ती सांगितली. खिडकीवर नुसतं "स्त्रीरोग, खोली नंबर बारा" म्हणायचं. दुसरं काही बोलायचं नाही.)

आणि डॉक्टर मॅडम सोमवारी नसतातच. मंगळवार आणि शुक्रवार. हे कुठं लिहिलेलं नाही. एक दिवसाचा वेचा बुडाला, दहा रुपये किलोनं पाचशे गेले, दोघींचे हजार.

मंगळवारी मात्र सगळं झरझर झालं. खोली नंबर बाराला पडदा आहे, आणि तो पडदा सिस्टर खरोखर ओढते. वजन, बीपी, रक्त तपासलं. नऊ पॉइंट दोन निघालं, त्यावर सिस्टर रागावली, पण आईसारखी. रक्तगट पाहिला, कारण निगेटिव्ह असला तर वेगळं इंजेक्शन लागते. सोनोग्राफीला नेलं तिथं एक लांबलचक फॉर्म भरून घेतला. जाऊ पुन्हा घाबरली, मुलगा-मुलगीचा फॉर्म आहे म्हणून. तो पोटुशा बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला भरतात, तिच्या एकटीच्याच नाही. आठ आठवडे निघाले.

मॅडम तरुण आहेत, पायात साध्या स्लीपर. त्यांनी जावेला माझ्यासमोर काही विचारलं नाही, मला म्हणाल्या, "तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबता का?" मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढी मी धावपळ केली आणि मलाच बाहेर. नंतर जाऊ म्हणाली, "त्यांनी विचारलं, तुमच्यावर कोणाची जबरदस्ती तं नाही ना? जावेची, सासूची?" तेव्हा माझा राग गेला. बरोबर आहे त्यांचं. मी कोण?

मग कारण विचारलं. हा कायदा मागितलं की मिळालं असा नाही, डॉक्टरचं मत लागते आणि कारण लागते. जावेनं सांगितलं, निरोध फाटला. ते कारण चालते. आधी ते नवराबायकोपुरतंच लिहिलेलं होतं, २०२१ पासून बाई आणि तिचा जोडीदार असं झालं, म्हणजे लग्न झालेलं नसलं तरी चालते.

आणि मग सही. कारकून फॉर्म घेऊन आला आणि सवयीनं म्हणाला, "मिस्टरची सही इथं." मॅडमनी मान वर न करता म्हटलं, "त्यात मिस्टरची जागा कुठं आहे, दाखवा बरं." त्यानं फॉर्म उलटापालटा करून पाहिला. नव्हतीच. मीही वाकून पाहिलं. संमतीपत्र एका पानाचं, वरती नाव, वय, पत्ता, खाली एका सहीची जागा. बाई अठरा वर्षांची झाली असली की तिची एकटीची सही. अठराच्या खाली असली तर पालकाची. मी विचारलं, हे नवीन आहे का मॅडम? त्या म्हणाल्या, "नाही हो, पहिल्यापासूनच. एकाहत्तरपासून." मी हातातली पिशवी खाली ठेवली. २००७ मध्येही नवऱ्याची सही लागत नव्हती. तीन महिन्यांच्या वर गेलं म्हणून होत नाही, हेही खरं नव्हतं, तेव्हाही वीस आठवड्यांपर्यंत होत होतं, फक्त बाराच्या वर दोन डॉक्टर लागत.

जावेनं सही केली. ती गटाच्या रजिस्टरवर दर महिन्याला सही करते, अंगठा कधी देत नाही, पण तिथं रेघ मोठी असते. इथली जागा दोन बोटांची. तिनं आधी डाव्या तळहातावर बोटानं लिहून पाहिलं, मग पेन धरला. नवऱ्याचं नाव मधे येते तिथं थोडं थांबली, आणि ते पहिलं अक्षर फक्त घालून, पुढं आडनाव. शेवटच्या अक्षरावरची रेघ जागेच्या बाहेर गेली. मॅडम म्हणाल्या, छान आहे सही. तर हे लिहिलं. अट पूर्ण झाली.

एक गोळी तिथंच, त्यांच्यासमोर पाण्याबरोबर. मिफेप्रिस्टोन. तिसऱ्या दिवशी परत बोलावलं, चार गोळ्या गालात धरायला दिल्या, मिसोप्रोस्टॉल. जवळ राहणारीला घरी देतात, पण आमचं गाव बावीस किलोमीटर आणि रात्री वाहन नाही म्हणून दिवसभर ठेवून घेतलं. हे डोकं वापरून केलं, त्याला पूर्ण तारा. गोळ्यांनी होते ते नऊ आठवड्यांपर्यंतच, त्याच्या पुढं मशीननं करावं लागते, म्हणून उशीर करू नका. तासाला दोन पॅड भिजून जात असले आणि असं दोन तास चाललं, किंवा ताप आला, तर तसंच उठून यायचं, हे सिस्टरनं तीनदा म्हणून घेतलं आमच्याकडून, शाळेतल्या पाढ्यासारखं.

पण ठेवलं कुठं? बाळंतिणींच्या वॉर्डात. शेजारच्या खाटेवर सकाळीच झालेली बाई. तिची सासू पेढे वाटत आली, जावेच्या हातात एक ठेवला आणि विचारलं, "तुह्यं कितवं वो?" जावेच्या पोटात तेव्हा कळा सुरू झाल्या होत्या. ती म्हणाली, "तिसरं." पेढा तिनं संध्याकाळपर्यंत मुठीत धरून ठेवला होता, पार पीठ झालं त्याचं. एक पडदा लावून कोपरा वेगळा केला तरी चालला असता. इथं दुसरा अर्धा तारा गेला.

बाकावर एक कॉलेजची मुलगी मावशीसोबत होती. आयाबाईनं तिच्या गळ्याकडं पाहून विचारलं, "मंगळसूत्र कुठं आहे?" सिस्टरनं आयाबाईला चहा आणायला धाडलं. मला पुढं म्हणाली, सुप्रीम कोर्टानं २०२२ च्या सप्टेंबरमध्येच सांगितलं, लग्न झालेली आणि न झालेली यात फरक करायचा नाही. त्याच सिस्टरनं आठवड्यांचं गणितही सांगितलं. वीसपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरते. वीस ते चोवीस दोन डॉक्टर, आणि तेही ठरावीक बायांना : जबरदस्ती झालेली, अठराच्या खालची, अपंग, पोट राहिल्यावर फारकत झालेली किंवा नवरा गेलेली, अशी ती यादी. त्याच्या पुढं बाळात मोठं व्यंग असलं तर, मेडिकल बोर्डाकडून. "नवरा गेलेली" हे तिनं सांगितलं तेव्हा आम्ही तिघीही जरा गप्प झालो. आमच्या जिल्ह्यात या ओळीची बाई शोधायला लांब जावं लागत नाही.

गटाच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी नाव न घेता विचारलं, सही कोणाची लागते? बारा जणी होत्या. नवऱ्याची, सासऱ्याची, एक म्हणाली सरपंचाची. एक म्हणाली, पण पाप तर लागतेच ना. मी म्हटलं ते मला माहीत नाही, मी सहीचं विचारलं.

राहिलेला अर्धा तारा संडासाचा. त्या वॉर्डाच्या संडासाला कडी नाही. पाणी आहे, बादली आहे, लाइटही आहे, कडी नाही. ज्या दिवशी बाईला दहा वेळा आत जावं लागते त्या दिवशी मी दहा वेळा बाहेरून दार धरून उभी होते. पंधराव्या दिवशी तपासणीला परत गेलो. सगळं साफ झालं होतं, मॅडमनी पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून अंतरा इंजेक्शन आणि तांबी दोन्ही समजावून सांगितलं. "ऑपरेशन करा, नाही तर पिशवी धुणार नाही" असं कोणीच म्हटलं नाही. जावेनं विचार करून सांगते म्हटलं, तेही त्यांनी ऐकून घेतलं. कडी तशीच नव्हती. मी घरून परकराची नाडी नेली होती, निळी, दीड मीटर. आतल्या खिळ्याला एक गाठ मारली, दुसरं टोक नळाला गुंडाळायचं. दार बसते. सुटली असेल तर पुन्हा बांधून घ्या, मजबूत आहे.